साडूचे बूट

बाजारपेठेत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणूनच ओळखत. दुकान आधी वडिलांचं होतं, मग यांचं झालं. पुढे काउंटर आणि मागे, पडद्याआड, नंबर तपासायची अंधारी खोली. माणूस कामाला चोख. फ्रेम गिऱ्हाइकाच्या कानामागे टोचते आहे हे गिऱ्हाइकाच्या आधी यांच्या बोटांना कळायचं. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. कुणाचं वाईट चिंतावं असा स्वभाव मुळीच नव्हता. फक्त एका माणसाचं चांगलं झालेलं त्यांना बघवत नसे. तो माणूस म्हणजे त्यांचे धाकटे साडू.

धाकट्या मेहुणीचं लग्न होईपर्यंत चष्मेवाले सासरी एकुलते एक जावई होते. खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची. सासरे शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी गेली, पण आवाज तोच राहिला. त्यांना अख्खी आळी सर म्हणे, म्हणून जावईही सरच म्हणत. सर सहसा कुणाचं ऐकणारे नव्हते, पण घरात पंखा घ्यायचा असो की डॉक्टर बदलायचा असो, 'थोरल्यांना विचारू' असं म्हणत. चष्मेवाल्यांना ते ऐकून आतून बरं वाटे, पण चेहऱ्यावर कधी दाखवलं नाही.

मग क्लचमास्तर आले. गाडी शिकवायचा त्यांचा क्लास होता. शेजारी बसून दिवसभर 'क्लच, क्लच, अहो क्लच!' म्हणून ओरडायचे, म्हणून हे नाव पडलं. माणूस दारातून आत यायच्या आधी त्याचं हसू आत यायचं. पहिल्याच भेटीत त्यांनी सासूबाईंचा गळका नळ दुरुस्त केला, दुसऱ्या भेटीत सरांना 'तुम्ही मला शाळेत भेटला असतात तर मी नापास तरी मैदानावर झालो असतो' असं म्हणून हसवलं, आणि तिसऱ्या भेटीत चष्मेवाले पोचले तेव्हा क्लचमास्तर वेताच्या खुर्चीत बसलेले होते. चष्मेवाल्यांना बघून ते लगेच उठले, 'या दादा, बसा' म्हणाले. पण दिलेल्या खुर्चीत बसणं आणि आपल्या खुर्चीत बसणं यात फरक असतो. त्या दिवसापासून चष्मेवाल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

बायकोच्या हे लक्षात आलं होतं. ती एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, तो बिचारा तुम्हाला दादा दादा करतो, आणि तुम्ही त्याच्याकडे असं बघता जसं काही त्याने तुमचं दुकान लुटलंय."

"मी कसा बघतो?"

"नंबर चुकल्यासारखं."

चष्मेवाल्यांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या.

सरांना छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तिथून पुढची गोष्ट सुरू होते. सरांनी स्वतःबरोबर दोन्ही जावयांनाही शिस्त लावायचं ठरवलं. दोघांची पोटं सुटायला लागली आहेत, असं त्यांनी भर जेवणात जाहीर केलं. आणि एके दिवशी दोघांच्या हातात एकेक खोकं ठेवलं. आत धावायचे बूट. एकाच कंपनीचे, एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेले, करड्या रंगाचे, बाजूला निळा पट्टा. दोघांचं मापही एकच निघालं.

"दर रविवारी सकाळी माझ्याबरोबर मैदानाला फेऱ्या," सर म्हणाले. "आणि एरवी कामाला चालत जायचं. मला बूट झिजलेले दिसले पाहिजेत."

चष्मेवाल्यांना मनातून बरं वाटलं. निदान या एका बाबतीत तरी डावंउजवं झालं नव्हतं. दोघांना सारखं. ते रोज बूट घालून दुकानात चालत जाऊ लागले.

आणि थोड्याच दिवसांत बुटांना वास यायला लागला.

आधी वाटलं, रस्त्यात कशावर तरी पाय पडला असेल. तळवे पुसले. मग वाटलं, मोजे. मोजे बदलले. मग लक्षात आलं की वास आतून येतो आहे, आणि तो नुसता घामाचा नाही. ओलं फडकं बादलीत आठवडाभर विसरावं, त्यात आंबलेलं दूध सांडावं आणि वर रबर जाळावं, असा काहीतरी तो वास होता. बूट काढले की मोज्यांना, मोजे काढले की पायांना. नंबर तपासायची खोली म्हणजे जेमतेम दोन खुर्च्यांची, पंखा नाही, पडदा ओढलेला. एक म्हातारे गृहस्थ तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता मध्येच थांबले.

"पुढची ओळ दिसत नाही का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"दिसते हो," ते नाकाला रुमाल लावत म्हणाले. "पण डोळ्यांत पाणी आलंय."

बायकोने बुटांत खायचा सोडा भरला. मग सुकवलेली चहापत्ती भरली. वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, उन्हात ठेवले. कुणीतरी सांगितलं म्हणून पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यातही ठेवून झाले. त्यानंतर घरातल्या बर्फाला जो वास लागला तो पाहून तिने हात टेकले. "एक तर हे बूट या घरात राहतील नाहीतर मी," ती म्हणाली, आणि बूट जिन्यात गेले. तिथून शेजाऱ्यांची तक्रार आली.

टाकून द्यायची सोय नव्हती. रविवारी सर पायांकडे बघत. मैदानावर वारा असे म्हणून निभावून जाई. पण फेऱ्या संपवून सरांच्या घरी आल्यावर दाराशी बूट काढावे लागत, आणि मग चष्मेवाले खुर्चीत पाय मागे दुमडून, अंग चोरून बसत. एकदा सासूबाई म्हणाल्या, "उंदीरबिंदीर मेला की काय कुठे?" आणि क्लचमास्तरांनी लगेच उठून कपाट सरकवून पाहिलं. उंदीर नव्हता. पण सासूबाई म्हणाल्या, "किती करतो हो हा मुलगा!" उंदीर चष्मेवाल्यांच्या पायात होता, आणि शाबासकी मात्र साडूंना मिळाली.

त्या दिवशी त्यांच्या मनात पहिल्यांदा प्रश्न आला की साडूंच्या बुटांचं काय? एकच कंपनी, एकच दुकान. त्यांनाही वास येत असला पाहिजे. लपवत असतील. या विचाराने चष्मेवाल्यांना इतका धीर आला की पुढच्या रविवारी सगळे आत चहा घेत असताना ते काहीतरी निमित्त काढून दाराशी आले, खाली वाकले, साडूंचा उजवा बूट उचलला आणि त्यात नाक घातलं.

काहीच नाही. नव्या रबराचा हलका वास, आणि बहुतेक पावडरीचा.

त्यांनी डावाही उचलला. तोही तसाच. नाक बुटात असतानाच मागून आवाज आला.

"काय शोधताय, जावईबापू?"

सासूबाई हातात कपबश्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"किल्ली," चष्मेवाले म्हणाले.

"बुटात?"

"पडली असेल असं वाटलं."

"पण ते तर धाकट्यांचे बूट."

"सारखेच दिसतात ना," असं म्हणून चष्मेवाले आत आले.  म्हणजे सारखं दिलं तरी सारखं नाही! देणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी नशीब बरोबर हिशेब करून चांगलं तेवढं त्याच्याच पदरात घालतं. खुर्ची त्याची, हसू त्याचं, आणि आता बिनवासाचे बूटही त्याचेच. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखे ते घरी आले आणि त्यांनी कंपनीला फोन लावला.

बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी फोनवर आली. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, असं तिने आधीच सांगून टाकलं. चष्मेवाल्यांनी मुद्देसूद सगळं सांगितलं.

"सर, आपण पाय रोज धुता का?" तिने विचारलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे साबणाने, सर. बोटांच्या मधे."

"बाई, मी दुकानदार आहे. माणसांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काम करतो. मी पाय धुतो."

"आणि मोजे, सर? रोज बदलता?"

बायको शेजारी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. चष्मेवाल्यांनी दात आवळून सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. काही दिवसांनी कंपनीकडून एक पाकीट आलं. त्यात सुगंधी पावडरीच्या दोन पुड्या होत्या आणि पाय कसे धुवावेत याचं चित्रांसकट माहितीपत्रक.

ते बूट पिशवीत घालून थेट कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले. काउंटरवर एक किरकोळ अंगाचा, मिशीवाला माणूस होता. त्याने बूट हातात घेतला, मान जरा मागे नेली, पण तोंडाने काही कबूल केलं नाही. आतली गादी उचलून टाचेखालचा नाण्याएवढा तुकडा कात्रीने कापून घेतला, डबीत ठेवला.

"तपासायला पाठवतो. कळवू."

"आणि बूट?"

"बूट घेऊन जा, साहेब," तो घाईघाईने म्हणाला.

कळवलं ते असं : आमच्या तपासणीत बुटात कोणताही दोष आढळलेला नाही. सदर दुर्गंधी वापरणाऱ्याच्या पायांमुळे निर्माण होत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

चष्मेवाल्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वापरणाऱ्याच्या पायांमुळे. म्हणजे साडूंच्या पायांत बूट तसेच राहतात आणि यांच्या पायांत सडतात. आता पायांतसुद्धा तो माणूस सरस ठरला! इतका अपमान त्यांना सहन होईना. दोष पायांचा की बुटांचा, याचा एकदाच काय तो निकाल लावायचा त्यांनी ठरवला. निकाल लावायचा मार्ग एकच होता.

पुढच्या रविवारी त्यांनी डोकं दुखतं आहे असं सांगून लवकर निरोप घेतला. दाराशी दोन्ही जोड शेजारी शेजारी होते. आतून क्लचमास्तरांच्या कुठल्यातरी किश्श्यावर हसणं ऐकू येत होतं. चष्मेवाल्यांनी साडूंच्या बुटात पाय घातले. नाड्या बांधल्या. स्वतःचे बूट साडूंच्या जागी नीट जोडून, टाचा भिंतीकडे करून ठेवले, आणि जिना उतरले.

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! सगळा रस्ता ते तरंगत घरी आले.

आणि बूट तसेच राहिले. रोज दुकानापर्यंत चालले, घाम आला, मोजे ओले झाले, पण वास नाही. नंबर तपासायच्या खोलीत गिऱ्हाइकं सगळ्या ओळी वाचू लागली. पाय निर्दोष सुटले होते. चष्मेवाल्यांना हा निकाल छापून बाजारभर वाटावा असं वाटे. पण पुरावा दाखवायचा तर चोरी दाखवावी लागली असती, म्हणून तो आनंद एकट्यानेच गिळावा लागला.

दुसरा आनंद मात्र लवकरच सासरकडून आला. मेहुणीने बहिणीला फोन करून सांगितलं, यांच्या बुटांना काय झालंय कळत नाही, घरात बसवत नाही. चष्मेवाले वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा गालातल्या गालात हसले. बंद गाडी, शेजारी शिकणारा, पायाशी ते बूट. त्यांनी डोळ्यांपुढे चित्र आणून बघितलं आणि त्यांना दुपारी छान झोप लागली.

रविवारी ते मुद्दाम लवकर सासरी गेले. मैदानावर जायच्या आधी साडूंचा उतरलेला चेहरा निवांत बघायचा होता. क्लचमास्तर आले ते दारातच थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांनी नाकं धरा, मी बूट काढतोय!"

घर हसायला लागलं.

"सर, ऐका तर. परवा एक बाई शिकायला आल्या. गाडीत बसल्या आणि पट्टा लावायच्या आधी काच खाली केली. म्हटलं, ताई, आरसा बघा. त्या म्हणाल्या, मास्तर, आरसा नंतर बघते, आधी श्वास घेऊ द्या! आणि त्यांनी एका हाताने नाक धरून असं झकास वळण घेतलं की मी म्हटलं, आता सगळ्यांना असंच शिकवायचं. एका हाताने गाडी येते, दोन हातांनी कुणाला येत नाही!"

सर डोळे पुसत हसत होते. सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या. मेहुणी खोटं खोटं रागावून नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालत होती. चष्मेवाले एकटेच तोंड वासून उभे होते. ज्या वासापायी त्यांनी पाय दुमडून, मान खाली घालून दिवस काढले, त्याच वासावर या माणसाने घर जिंकलं होतं. सोनं उचललं काय आणि शेण उचललं काय, या माणसाच्या हातात त्याची मिठाईच होते! बूट देऊन झाले, वास देऊन झाला, आणि तरी हाच पुढे.

एवढ्यावर भागलं नाही. क्लचमास्तरांनी सगळ्यांसमोर, स्पीकर चालू करून, कंपनीला फोन लावला. तीच मुलगी असावी, आवाज तोच होता. "ताई, तुमच्या बुटांनी माझ्या धंद्याची काच खाली केली," अशी त्यांनी सुरुवात केली, आणि पलीकडून ती खळखळून हसली. पाय धुता का, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. उलट म्हणाली, आमचा माणूस घरी पाठवते. बिल सरांकडे होतं, म्हणून पत्ता सरांचा दिला. येणार पुढच्या रविवारी.

चष्मेवाल्यांना आधी कळलंच नाही की यात भिण्यासारखं काय आहे. मला पावडर आणि याला घरपोच माणूस, एवढंच त्यांना दिसलं.

तो रविवार उजाडला. फेऱ्या झाल्या, चहा झाला, आणि दाराशी एक किरकोळ अंगाचा, मिशीवाला माणूस येऊन उभा राहिला. चष्मेवाल्यांनी त्याला पाहिलं मात्र, हातातलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कापलेला तुकडा त्यांना तेव्हा आठवला.

त्या माणसाने खाली बसून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर बूट ठेवले आणि आतली गादी उचलली. थोडा वेळ बघत राहिला. मग दुसरी उचलली. पुन्हा पहिली.

"हा बूट आमच्याकडे आधी आला होता," तो म्हणाला.

"छे हो," क्लचमास्तर म्हणाले. "मी फक्त फोन केला."

"नाही नाही. ही बघा टाच. हा तुकडा मी स्वतः कापलाय, तपासून पायांचा दोष म्हणून कळवलंही होतं. पण घेऊन आले होते ते गृहस्थ तुम्ही नव्हे." त्याने मान वर केली आणि खोलीतल्या माणसांवरून नजर फिरवली. ती वर्तमानपत्रापाशी थांबली. 

"म्हणजे?" सरांचा मैदानावरचा आवाज आला. "धाकट्यांचे बूट दुसऱ्याच कुणी कसे आणले?"

 चष्मेवाल्यांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. त्यांनी हळूच वर्तमानपत्र खाली केलं, कारण आता ते धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. समोर क्लचमास्तर उभे होते. त्यांनी एकदा टाचेतल्या भोकाकडे पाहिलं, एकदा दाराशी असलेल्या दुसऱ्या जोडाकडे, आणि मग चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं होतं. चष्मेवाल्यांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पण तो चेहरा फार वेळ तसा राहिला नाही.

"अरे हो!" क्लचमास्तर कपाळावर हात मारत म्हणाले. "सर, तो आमचा दोघांचा प्रयोग होता. दादांच्या बुटांना वास यायचा. कंपनी म्हणाली पायांचा दोष. मग दादा म्हणाले, आपण बूट बदलून बघू, म्हणजे दूध का दूध. मीच विसरलो सांगायला."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?" सर म्हणाले.

"तुम्ही दिलेली वस्तू, सर. तिला नावं कोण ठेवणार? सर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतील, असं दादाच म्हणाले."

सर हसले. "लावल्या असत्या," म्हणाले, आणि विषय संपला.

कंपनीच्या माणसाने मात्र बूट खाली ठेवून चष्मेवाल्यांकडे तोंड केलं. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं. "साहेब, तुमची माफी मागायला पाहिजे. मी टाचेचा तुकडा पाठवला होता, दोष चवड्याकडच्या अस्तरात होता. तिथला गोंद नीट वाळलाच नव्हता, घाम लागला की तो सडायचा. नंतर आणखी तक्रारी आल्या तेव्हा आम्हाला कळलं. तुमच्या पायांचा काहीही दोष नव्हता."

हे वाक्य ऐकायला चष्मेवाले इतके दिवस तळमळत होते. आणि आता ते सगळ्या घरासमोर, मोठ्याने, माफीसकट बोललं गेलं, तेव्हा त्यांना मान वर करता येईना. "असू द्या," एवढंच ते म्हणाले. त्या माणसाने दोघांनाही नवे जोड पाठवायचं कबूल केलं, जुने पिशवीत घालून पिशवीला दोन गाठी मारल्या आणि गेला.

 सरांच्या चपला घालून घरी जाताना चष्मेवालेच बायकोला म्हणाले, "प्रयोग होता तो."

"मोजे मी धुते," ती म्हणाली. "त्यांचा वास गेला, त्याच दिवशी मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "अजूनही थांबलेच आहे. मला नका सांगू. त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान दुपारी बंद केलं आणि साडू गाडी शिकवत त्या मोकळ्या जागेवर गेले. क्लचमास्तर एकटेच गाडीत बसून डबा खात होते. पायात साध्या चपला होत्या. चष्मेवाले शेजारच्या सीटवर बसले. सगळ्या काचा उघड्या होत्या, तरी तो वास अजून सीटच्या कापडात होता. त्यांना तो लगेच ओळखू आला.

"मला काल का वाचवलंत?"

"सर बघत होते," क्लचमास्तर म्हणाले. "तुमची मान त्यांच्यासमोर खाली जायला नको होती."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. अजून आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "दादा, मला नुसतं सांगितलं असतंत तर मी स्वतः बूट बदलून दिले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," चष्मेवाले म्हणाले.

क्लचमास्तरांनी डबा मागच्या सीटवर ठेवला. मग ते म्हणाले, "दोन मुली शिकायच्या बंद झाल्या. एकीने कारण सांगितलं नाही, पण दुसरीच्या आईने सांगितलं. मास्तर, तुम्ही स्वच्छ राहत जा, म्हणाली. मी घरी जाऊन तासभर पाय घासले. बायकोने विचारलं काय झालं, तर तिला हसवलं. मी हसून सांगतो म्हणून मला झोंबत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

चष्मेवाल्यांना खरंच तसं वाटलं होतं. या माणसाला सगळं आयतं मिळतं, हसूसुद्धा, हे त्यांनी कधीचं ठरवूनच टाकलं होतं. "चुकलो," ते म्हणाले. त्यांना आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यात शिकवणीची वेळ झाली आणि एक तरुण गाडीजवळ येऊन उभा राहिला. चष्मेवाले उतरले.

नवे बूट आले. चांगले निघाले. रविवारच्या फेऱ्या सुरू राहिल्या, पण क्लचमास्तर आता सरांच्या पलीकडून चालत. दादा म्हणायचे बंद झाले होते. बोलायचं तर 'अहो' म्हणून, कामापुरतं, अगदी सभ्यपणे. घरी आले की वेताच्या खुर्चीकडे फिरकतसुद्धा नसत. चष्मेवाले खुर्चीत बसत आणि तिथून बघत, साडू सासूबाईंशी हसताहेत, मैदानावरच्या माळ्याशी हसताहेत, दाराशी आलेल्या दूधवाल्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला काहीतरी सांगताहेत. इतकी वर्षं साडूंच्या हसण्याचा हेवा केला. आता तर चक्क दूधवाल्याचा हेवा करायची पाळी आली होती. माणूस जवळ होता तेव्हा डोळ्यांत सलायचा, आणि दूर गेला तर तेही बघवेना.

असे काही महिने गेले. एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती. दाराची घंटा वाजली आणि क्लचमास्तर आत आले. कुणी ओळखीचं नाही ना, हे त्यांनी आधी पाहून घेतलं.

"आरशातली मागची गाडी जरा धूसर दिसते," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी कुणाला बोललो नाहीये. क्लासमध्ये कळलं तर लोक म्हणतील, मास्तरच आंधळे."

"आत या," चष्मेवाले म्हणाले.

अंधाऱ्या खोलीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. चष्मेवाल्यांनी एकेक काच बदलली, ही बरी की ती बरी असं विचारत गेले, घाई केली नाही. पूर्वी कधीतरी या माणसाच्या डोळ्यांतला दोष सापडला असता तर त्यांना सणासारखं वाटलं असतं. आज हात फक्त काम करत होते, एरवीपेक्षा जरा जास्तच हळुवार. नंबर किरकोळ निघाला.

"हे आपल्या दोघांत," चष्मेवाले म्हणाले. "माझ्याकडून कुठे जाणार नाही."

"माहीत आहे, दादा," क्लचमास्तर म्हणाले.

चष्मेवाले लगेच वळले आणि कपाटात फ्रेमा शोधू लागले. शोधायला त्यांना एरवी एवढा वेळ लागत नसे. शेवटी दुकानातली सगळ्यात चांगली, बारीक कडांची फ्रेम त्यांनी काढली, साडूंच्या नाकावर ठेवली, कानामागे बोट फिरवून बसवली आणि आरसा पुढे केला. क्लचमास्तरांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि हसले.

चष्मेवाले बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी हजारो नाकांवर चष्मे बसवले होते, स्वतःच्या नाकावर तर कितीतरी आलटून पालटून पाहिले होते, पण एकही मनासारखा बसला नव्हता. आणि या माणसाला पहिलाच चष्मा, मेला, इतका शोभून दिसत होता!